खिंडीतल्या निवाऱ्याचं दार

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. साष्टांग घालायची इच्छा होती, पण माझी पाठ अजून पूर्णपणे डोंगरावरून खाली आलेली नाही, तेव्हा हा उभ्याउभ्याच घ्यावा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही. तो पहिल्यापासून मुकाट्यानं काम करणारा आहे आणि आपल्या घरात अशांना कोणी विचारत नाही.) लेक परीक्षेला बसली होती, की नेहमीप्रमाणे परीक्षाच तिच्यावर बसली होती, तेही कळवावं. दादाची चौकशी मी करत नाही. अकरा महिन्यांपूर्वी त्यानंच मला सांगितलं आहे की, माझं तोंड त्याला बघायचं नाही, आणि मोठ्या भावाचा शब्द मोडायची मला सवय नाही. पण तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की तो रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो, तर मी तेवढी ओळ डोळे मिटून वाचेन असंही नाही.

मी कारखाना सोडून काय करतो असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतंत, त्याचं उत्तर द्यायला चार महिने लागले, कारण ते मलाच नीट कळत नव्हतं. मी डोंगरावर घर बांधतो. घर म्हणजे निवारा. आठ माणसं पाय दुमडून झोपतील एवढी खोली, झाडं संपतात तिथून आणखी दीड दिवस वर चढल्यावर जी खिंड लागते तिथे. खाली डोंगर चढणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर वर्षी त्या खिंडीत वादळात कोणी ना कोणी अडकतं, कोणाची बोटं जातात, दोन वर्षांपूर्वी दोघेजण परतलेच नाहीत, म्हणून मंडळानं ठरवलं की तिथे पक्का आसरा करायचा. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. सत्तरीला आलेले, काटक, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात बोलल्यामुळे समोरचा उत्तर देईल अशी अपेक्षाच न ठेवता बोलणारे. ते आमच्या, म्हणजे तुमच्या, शीतगृहांच्या कारखान्याचं माहितीपत्रक हातात धरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर ऊन असताना खोलीत उणे वीस ठेवता. आमच्याकडे उणे वीस बाहेर आहे. काय करायचं?" मी म्हटलं, कागद उलटा धरायचा. या एका वाक्यावर मला काम मिळालं. वहिनी, बुद्धिमान माणसानं कुठे थांबावं हे त्याला कळायला हवं. मी तिथे थांबायला हवं होतं.

आता भांडणाचं. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण तुम्ही ते दादाकडून ऐकलंय, म्हणजे एकाच कानानं ऐकलंय. आमच्यात तीस वर्षं भिंती माझ्या आणि दारं दादाची, अशी वाटणी होती. भिंत आठवड्यात व्हायची. दार तीन आठवडे चालायचं. त्या शेवटच्या कामाला मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो की दादा, तू दारं करत नाहीस, लग्नं जमवतोस. बिजागरीला चौकट पसंत पडेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं. दादा म्हणाला, "तुझ्या भिंती चांगल्या असतात रे, पण भिंतीतून कोणी आत जात नाही." मग मी म्हणालो ते, आणि तो म्हणाला ते, आणि मी माझा डबा घेऊन निघालो. (डबा तुमचा होता. तो मी परत पाठवलेला नाही, कारण त्याचं झाकण दुसऱ्या कुठल्याच डब्याला बसत नाही.)

तर निवारा. अध्यक्षांच्या अटी मोजक्या होत्या आणि त्यातली एकही साधी नव्हती. खणायचं नाही. सिमेंट न्यायचं नाही. डोंगराला एकही भोक पाडायचं नाही. (हे सांगताना ते फार भावुक झाले. चाळीस वर्षं भोकं पाडलेल्या माणसाचं पापक्षालन असावं.) आत ऊब हवी, पण ती लाकूड-कोळसा न जाळता. प्रत्येक तुकडा माणसाच्या पाठीवर चढला पाहिजे, म्हणजे वीस किलोच्या आत. आणि तीस वर्षांनी निवारा काढून नेला की तिथे काही होतं हे डोंगरालासुद्धा कळता कामा नये. मी खोली आपल्या पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांत फेस भरलेल्या तुकड्यांची केली, वजन कमी करून, प्रत्येक भिंत वर-खाली दोन तुकड्यांत. तुकडे एकमेकांना आतून खटक्यांनी जोडायचे, आपण शीतगृहात जोडतो तसेच. छप्पर चार कोपऱ्यांतल्या खांबांवर, आणि सगळा डोलारा दगड भरलेल्या जाळ्यांवर. दगड तिथलेच, जाताना तिथेच ओतायचे. छपरावर उन्हाची वीज करणारी एक पाटी, तिच्यावर चालणारा आत एक दिवा. माणसांच्या अंगाची ऊब आत राहील आणि तीच पुरेल, असं माझं गणित.

गणित मला आपल्याच धंद्यानं शिकवलं होतं. शीतगृहातले बटाटे श्वास घेतात, ऊब सोडतात, ती धरून यंत्राचा हिशेब करावा लागतो. मी तेच लावलं. एक झोपलेला माणूस म्हणजे सुमारे साडेचार टन बटाटे. आठ माणसं म्हणजे छत्तीस टन. छत्तीस टन बटाटे एवढ्याशा खोलीत ठेवले तर काय ऊब होईल, मला आनंदानं झोप येईना. मंडळाच्या सभेत मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा सगळे गंभीरपणे ऐकत होते. फक्त मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "बटाट्यांचे मोजे ओले नसतात." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ती आमची वाटाडी निघाली.

हिला सगळे थोडंचबाई म्हणतात. खरं नाव मला चार महिन्यांत कोणी सांगितलं नाही. किती चढायचं राहिलंय असं केव्हाही विचारलं तर ती म्हणते, "थोडंच." पहिल्या तासाला थोडंच, पाचव्या तासाला थोडंच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका दगडाला मिठी मारून बसलो होतो तेव्हाही थोडंच. तिचं वय पंचेचाळीस असेल, आवाज कधी चढत नाही, आणि ती माझ्याइतकं ओझं घेऊन चढताना गुणगुणते. अशा बाईचा राग येतो, पण राग यायला लागणारा श्वास शिल्लक नसतो.

बेचाळीस तुकडे वर गेले, काही माणसांच्या पाठीवर, काही खेचरांवर. कुठला तुकडा कुठे बसतो हे मी प्रत्येकावर खडूनं आकडे घालून ठेवलं होतं. खडूनं का, तर नंतर पुसता यावेत, डोंगराला डाग नको. खेचरांनी वाटेत एकमेकांच्या पाठीवरचे सगळे आकडे चाटून काढले, आणि माणसांच्या पाठीवरचे घामानं गेले. वर पोचलो तेव्हा माझ्यासमोर बेचाळीस पांढरे, कोरे, साधारण सारखे तुकडे होते आणि खेचरं माझ्याकडे समाधानानं बघत होती. जोडणीला अर्धा दिवस धरला होता, अडीच लागले. पण उभा राहिला, वहिनी. संध्याकाळच्या उन्हात त्या काळ्या दगडांमध्ये तो उभा राहिला आणि अध्यक्षांनी भिंतीवरून बोट फिरवून सांध्यात फट शोधली (सवय), आणि त्यांना एकही सापडली नाही. मला क्षणभर वाटलं की हे कोणीतरी दादाला सांगायला हवं. मग आठवलं की आमचं बोलणं नाही.

ओझेकरी आणि खेचरं खाली परत गेली. चाचणीसाठी आम्ही तिघं वर राहणार होतो, अध्यक्ष, थोडंचबाई आणि मी, दोन दिवस. पहिला दिवस उत्तम गेला. आत ऊब होती, माझे साडेतेरा टन बटाटे नेमानं काम करत होते, आणि अध्यक्षांनी मला दाढांच्या मुळांवर एक अतिशय माहितीपूर्ण व्याख्यान दिलं. एकच गोष्ट थोडंचबाईला खटकली. तिनं हवेची भोकं कुठे आहेत असं विचारलं. मी दाखवली, अंगठ्याएवढी दोन, तीही वाकडी नळी घालून, बर्फ आत येऊ नये म्हणून. ती बराच वेळ बघत राहिली. शीतगृहवाल्याला भोक म्हणजे पाप, वहिनी. तीस वर्षं मी भोकं बुजवून पोट भरलं. दोन ठेवली हाच मला उदारपणा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा छपरातून पाऊस पडत होता. बाहेर नव्हे, आत. आमचे श्वास छताला जाऊन गोठले होते आणि शेगडीच्या वाफेनं ते आता थेंब थेंब परत येत होते, ज्याचा त्याच्यावर नाही, तर सगळ्यांचे माझ्यावर. बाहेर वादळ होतं हे आवाजावरून कळत होतं. थोडंचबाई चहासाठी छोट्या गॅसच्या शेगडीवर बर्फ वितळवत होती. ज्योत निळीची पिवळी झाली आणि वाकडीतिकडी व्हायला लागली. तिनं वर न बघता विचारलं, "डोकं कोणाकोणाचं दुखतंय?"

तिघांचंही दुखत होतं. तिनं शेगडी बंद केली. मग नळ्यांना कान लावला, एकीला, दुसरीला, आणि म्हणाली, "बुजल्या." काठी घालून मोकळ्या कराव्यात तर नळ्या वाकड्या. मी म्हटलं, काळजी नको, दार उघडू. खीळ काढली आणि ढकललं. दार हललं नाही. खांद्यानं ढकललं. अध्यक्षांनी आणि मी मिळून ढकललं. रात्रीतून वाऱ्यानं दारासमोर छातीएवढा बर्फ आणून टाकला होता आणि आमचं दार बाहेर उघडणारं होतं.

बाहेर का उघडणारं, असं तुम्ही विचाराल. कारण शीतगृहाचं दार बाहेर उघडतं. तीस वर्षं मी बाहेर उघडणारी दारं बघितली. हे एक दार मी स्वतः केलं, चार दिवसांत, शीळ घालत, आणि ते कुठल्या बाजूला उघडावं हा प्रश्न मला पडलाच नाही. तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाईक कारखान्याच्या पायरीवर असतानाच दादा पहिला प्रश्न काय विचारतो. माप नाही विचारत, तारीख नाही विचारत. "आत कोण असणार आणि त्याला बाहेर यायची घाई कधी होणार?" आम्ही सगळे त्याला हसायचो. त्या खोलीत, दाराला खांदा लावून, मला मोठे विचार आले असते तर सांगायला बरं वाटलं असतं. पण मला फक्त दादाचा चेहरा दिसला, चष्मा कपाळावर, हातात लाल पेन्सिल, आणि तो नुसता दाराकडे बघत होता. वहिनी, मी घाबरलो होतो. त्या दोन माणसांना मी माझ्या हातानं डब्यात भरून झाकण लावलं होतं.

थोडंचबाई म्हणाली, "भिंत निघते का?"

निघते. माझ्या भिंती आतून निघतात, तीच तर त्यांची खुबी. वरचा तुकडा चार खटक्यांवर असतो, खटके फिरवायला सहा कोनांची सळी लागते, आणि ती सळी माझ्या हत्यारांच्या पिशवीत होती, आणि पिशवी, आत जागा अडते म्हणून, बाहेर दाराशेजारी ठेवलेली होती. हे मी सांगून टाकलं. दोघांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग अध्यक्षांनी शांतपणे आपल्या पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि सोडली. डोंगरावर कोणाची ना कोणाची दाढ दुखतेच, म्हणून हा माणूस चाळीस वर्षं सगळी हत्यारं पाठीवर घेऊन फिरतो. त्यातलं दाढ मुळापासून हलवायचं एक जाडजूड हत्यार त्यांनी निवडलं, डोक्याला दिवा बांधला, मला भिंत धरायला लावली आणि पहिल्या खटक्यात टोक घातलं. "घट्ट आहे," ते म्हणाले, "पण मूळ सरळ आहे." सवयीनं ते भिंतीला म्हणाले की दुखलं तर हात वर करा. पहिला खटका सुटायला वीस मिनिटं लागली. तिसऱ्याच्या वेळी हत्यार घसरलं आणि माझा अंगठा कापला, तर त्यांनी मला चूळ भरायला सांगितलं. चौथा सुटला आणि आम्ही तिघांनी तुकडा आत ओढला, तेव्हा जी हवा आत आली ती उणे वीसची होती आणि मी तिच्यासारखं गोड काही आजवर चाखलेलं नाही.

त्या खिडकीएवढ्या भोकातून थोडंचबाई बाहेर गेली. पातेल्याच्या झाकणानं बर्फ उकरून दार मोकळं करायचं, असं ठरलं. किती वेळ लागेल असं अध्यक्षांनी विचारलं. ती काय म्हणाली ते तुम्हाला कळलंच असेल.

ती उकरत असतानाच वादळातून दोन आकृत्या आल्या. साठीच्या पुढच्या दोन बहिणी, दोघीच, खिंडीच्या पलीकडून. आदल्या दिवशी वाट चुकल्या होत्या, रात्र एका कपारीत काढली होती, धाकटीची झोपायची पिशवी भिजून लाकूड झाली होती आणि तिच्या डाव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. दुसऱ्या कोणी रडायला सुरुवात केली असती. थोरलीनं आधी बंद दाराकडे पाहिलं, मग उघड्या भिंतीकडे, आणि म्हणाली, "दार बंद ठेवून भिंत उघडी ठेवतात, असं पहिल्यांदाच बघितलं." आम्ही दोघींना भिंतीतूनच आत ओढून घेतलं. त्या क्षणी मला कारखान्यातलं दादाचं ते वाक्य आठवलं, आणि ते खोटं ठरल्याचा जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही पाच जण आत होतो. दार मोकळं झालं, पण तासातासाला बर्फ उकरावा लागे. म्हणून वरचा भिंतीचा तुकडा आम्ही पुरता बसवलाच नाही, चार बोटं फट ठेवून दोरीनं बांधला, आणि आतला पाऊस थांबला. म्हणजे माझ्या सगळ्या रचनेतला जो भाग नीट चालला तो म्हणजे जो नीट बसला नव्हता तो. मोजे मात्र थोडंचबाई म्हणाली होती तसेच. दहा मोजे, एका दोरीवर, माझ्या नाकासमोर. त्यांच्यासाठी मी कुठे जागाच ठेवली नव्हती, कारण बटाट्यांना ती लागत नाही.

शौचालयाबद्दल मी बाईमाणसाला पत्रात लिहू नये, पण ते रचनेचं अंग आहे म्हणून थोडक्यात. पडद्यामागे एक बादली, लाकडाचा भुसा, आणि वर घट्ट झाकण. डोंगरावर काहीही सोडायचं नाही, सगळं खाली न्यायचं, हा नियम. बादली खाली कोण नेणार हे नियमात लिहायचं राहिलं होतं. चर्चा झाली. अध्यक्ष म्हणाले, वजन तज्ज्ञानं पेलायला हवं. मी म्हटलं, पद मोठं त्याचा मान मोठा. शेवटी काड्या काढल्या आणि अध्यक्ष हरले. मंडळाच्या इतिहासात अध्यक्षांनी केलेलं हे सर्वांत ठोस काम आहे असं थोडंचबाईचं मत पडलं.

दोघी बहिणींचं तुम्हाला सांगायलाच हवं. वाट चुकली ती कोणामुळे यावरून त्यांच्यात बोलणं बंद होतं. चार हातांच्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून बसून, एकमेकींशी बोलायच्या त्या अध्यक्षांमार्फत. थोरली म्हणायची, "हिला सांगा, बोटं काखेत धर." धाकटी म्हणायची, "हिला सांगा, धरलीयेत. आणि हिला सांगा की नकाशा हिच्याकडे होता." अध्यक्ष बिचारे इकडून तिकडे मान वळवून दमले. झोपायची वेळ आली तेव्हा पिशव्या एक कमी. थोरलीनं कोणालाही काही न विचारता आपल्या पिशवीची साखळी उघडली, एका कुशीवर झाली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हिला सांगा, पाय गार असतील तर मला लावायचे नाहीत." धाकटी आत शिरली आणि तिनं लावले. सकाळी बोटांना रंग आला होता. सगळी वाचली, वहिनी, पाचही. एका करंगळीचं टोक जरा काळं राहिलं होतं, तेही आता सुधारतंय असं पत्र आलंय. (पत्र धाकटीनं लिहिलं आहे आणि खाली थोरलीनं त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या आहेत.) या सगळ्यातून मी काहीही बोध घेतलेला नाही. नुसतं सांगितलं.

खाली आल्यावर मी माझा राजीनामा लिहून अध्यक्षांच्या घरी गेलो. ते बागेत बादली धूत होते. कागद त्यांनी वाचला, बादली पुसायला वापरला, आणि म्हणाले, "निवारा नसता तर त्या दोघी मेल्या असत्या. निवारा असा आहे म्हणून आपण तिघं मरत होतो. म्हणजे काम अर्धं झालंय. उरलेलं अर्धं करा." दीड महिन्यानं दुसरी चाचणी आहे. ती पार पडली तर आणखी पाच खिंडींत असेच निवारे करायचे आहेत. हवेच्या नळ्या मी बदलल्या: एक खाली, एक वर, सरळ, मनगटाएवढ्या, आतून काठी घालून साफ करता येतील अशा. थोडंचबाईनं बघितल्या आणि मान हलवली. मोज्यांसाठी छताखाली दोरीची जाळी केली. आकडे आता खडूनं नाही, तुकड्यांच्या कडेवर कोरून. राहिलं दार. दार राहिलं आहे.

बाकी सर्व क्षेम. लेकीला आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला जिने कमी चढायला सांगा.

तुमचा धाकटा दीर

ता. क. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. दादाला वाचून दाखवू नये. तो जेवताना चष्मा जिथे ठेवतो तिथे तर अजिबात उघडं ठेवू नये.

ता. क. २. त्यानं आपणहून वाचलंच तर तो विचारणार, म्हणून सांगून ठेवतो. दार पाऊण मीटर रुंद, दीड मीटर उंच, वजन अठरा किलोच्या आत. दोन झडपा, वरची आत उघडणारी, म्हणजे बर्फ छातीएवढा असला तरी वरून निघता येईल. हातमोजे घातलेल्या, बोटं बधिर झालेल्या माणसाला अंधारातही उघडता आलं पाहिजे. आत कोण असणार, तर दमलेली, घाबरलेली, कदाचित एकमेकांशी न बोलणारी माणसं. मी अकरा आकृत्या काढल्या आणि अकराही फाडल्या. मग इथल्या एका दारवाल्याकडे गेलो. त्यानं काहीही न विचारता परवा देतो म्हणून सांगितलं. तेव्हापासून मला झोप नाही.

ता. क. ३. वहिनी, तुमच्याशी लपवाछपवी कशाला. दादाला इकडे पाठवा. माझ्यासाठी तो येणार नाही, आणि मी म्हणालो ते शब्द परत घेतो असं तुम्ही सांगितलंत तरी येणार नाही. ते मी त्याच्यासमोर उभा राहून घेईन. पण वाईट दार जगात कुठेही असलं तर तो स्वस्थ बसणार नाही. म्हणून सोबत बारावी आकृती पाठवत आहे. तिच्यात खालची बिजागरी मी मुद्दाम तीन बोटं चुकीच्या जागी दाखवली आहे. ती त्याच्या नजरेस पडेल एवढंच बघा. तो लाल पेन्सिल शोधेल. ती नेहमीसारखी शिवणाच्या डब्यात आहे हे त्याला चटकन सांगू नका, जरा चिडू द्या. वर किती चढायचं आहे असं विचारलं, तर थोडंच म्हणा.

ता. क. ४. पाकीट चिकटवण्याआधी आकृती पुन्हा एकदा मोजून बघितली. मुद्दाम केलेली चूक एकच आहे. चुका चार आहेत. शक्यतो या आठवड्यातच पाठवा.